वैतागलो होतो, किळस आली नव्हती

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला २७ वर्षांचा तरुण लिहितो. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची मराठी शाळा, मग छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग, आणि गेली चार वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. कामापुरतं इंग्रजी येतं, मीटिंगा निभतात. पण मनातलं काही सांगायची वेळ आली की 'सॅड', 'अँग्री' आणि 'टेन्शन' यापुढे गाडी जात नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या टीमने तिसऱ्यांदा काम उशिरा दिलं, तेव्हा त्याने वैतागून मेल लिहिला: 'आय ॲम डिसगस्टेड विथ युवर टीम.' चेन्नईची टीम लीड दुखावली, प्रकरण एचआरपर्यंत गेलं, माफी मागावी लागली. तेव्हापासून मेलमध्ये 'नोटेड' आणि बोलण्यात 'फाइन', एवढंच. मॅनेजर दर पंधरा दिवसांनी समोर बसवून 'हाऊ आर यू फीलिंग?' विचारतो, त्यालाही 'फाइन'. आता त्याने नकारात्मक भावनांच्या ३०० इंग्रजी शब्दांची यादी वहीत उतरवली आहे. रोज दहा पाठ करतो, दुसऱ्या दिवशी आठ विसरतो. 'ताई, हे शब्द डोक्यात राहायची काही युक्ती आहे का? की ऑफिसात भावना-बिवना काढूच नयेत, गप राहावं? बायको तर म्हणते, तुम्ही घरीसुद्धा गपच असता.'

उत्तर:

ताई म्हटलंस, म्हणून अहोजाहो बाजूला ठेवते.

आधी त्या मेलचं. अंबाजोगाईला कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, त्या पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे वडील वारले. मी सांत्वनाचं पत्र इंग्रजीत लिहिलं, कारण इंग्रजीची प्राध्यापक ना! त्यात 'आय वॉज शॉक्ड अँड डिसअपॉइंटेड' असं लिहून बसले. मला 'फार वाईट वाटलं' म्हणायचं होतं. सर भले माणूस. आठवडाभराने स्टाफरूममध्ये हळूच म्हणाले, 'बाबांकडून तुमच्या काही अपेक्षा राहून गेल्या होत्या का?' तेव्हा तुझ्या माफीनाम्याची फार लाज बाळगू नकोस.

'डिसगस्ट'च्या पोटात जो 'गस्ट' आहे, तो लॅटिनमधला चव या अर्थाचा शब्द. तोंडात घेतलं आणि थुंकावंसं वाटलं, ही त्या शब्दाची मूळ जागा. म्हणजे किळस, शिसारी. आपल्या छोट्या कोशांत एका इंग्रजी शब्दापुढे चार मराठी शब्द स्वल्पविराम देऊन बसवलेले असतात. त्यांतला 'वीट' तुझ्या डोळ्यांत भरला असणार, कारण वीट आणि वैताग आपल्याकडे शेजारीच राहतात. पण वाचणाऱ्या बाईला ऐकू आलं ते असं: तुमच्या टीमची मला किळस येते. ती दुखावली यात तिची चूक नाही. तुझीही फारशी नाही.

पण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि ते तू जाता जाता टाकलंयस. बायको म्हणते, घरीसुद्धा गपच असता. घरी तर इंग्रजी नाही. मग घरी काय अडतं?

तुझा समज असा आहे की भावना आत तयार आहेत, नीट घडी घालून ठेवलेल्या, फक्त त्यांना घालायला इंग्रजी कपडे नाहीत. मला शंका आहे. आता आपण मराठीतही काय बोलतो बघ. टेन्शन आलं, बोअर झालं, मूड ऑफ आहे, डोकं आउट झालं. धास्ती, धसका, घालमेल, रुखरुख, चुटपुट, खंत, उबग, त्रागा, हिरमोड या सगळ्यांच्या जागी एकटं 'टेन्शन' राबतं. तुझ्या आईला बोलताना ऐक. ती 'कदरून गेले' कधी म्हणते आणि 'बेजार झाले' कधी म्हणते? पाहुण्यांच्या रगाड्यात एक शब्द येईल, गुडघेदुखीत दुसरा. ती वही घेऊन बसली नव्हती कधी.

तुझ्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. राग आला तेव्हा तिने प्रत्यक्ष विठोबाला शिव्या घातल्या आणि त्या सातशे वर्षं लोकांनी जपून ठेवल्या. या मातीत भावना बोलायची पद्धत नव्हती, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आणि परकी भाषाही आपल्याला नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. तुझ्या पणजोबांना अर्ज त्या भाषेत करावा लागत असेल. बेजार, हैराण, नाराज, परेशान, फिकीर हे सगळे शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आले आणि आता आपल्या म्हाताऱ्या ते चुलीपुढे बसून वापरतात. ते यादी पाठ करून आलेले नाहीत. एकेक शब्द एकेका प्रसंगाला चिकटून आला आणि राहिला.

म्हणून तुझ्या ३०० शब्दांबद्दल माझं मत सरळ सांगते: ती वही बंद कर. 'मेलंकली', 'डिस्पॉन्डंट', 'फॉर्लॉर्न' हे वाचताना ओळखता आले तरी पुरे. मॅनेजरसमोर 'आय ॲम फॉर्लॉर्न' म्हणालास तर तो आधी तुझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघेल. तुला पंधरा-वीस शब्द लागणार आहेत, पण ते पक्के, त्यांच्या वजनासकट.

वजन कसं कळायचं? मी वर्गात एक पावसाळा सांगायचे, तोच तुला सांगते.

जून उजाडला. ढग येतात, निघून जातात. वडील ओसरीवर बसून आभाळाकडे बघतात. अजून काही बिघडलेलं नाही, पण बिघडेल की काय असं आत हलतंय. हे 'अँक्शस'. पेरणी झाली आणि पावसाने ओढ दिली. आता कारण डोळ्यांसमोर आहे, बोट दाखवता येतं. हे 'वरीड'. विहिरीत थोडं पाणी आहे म्हणून मोटर लावायला गेले तर लाइट नाही. लाइट आली तर मोटर जळालेली. माणूस आणायला गेले तर तो लग्नाला गेलाय. करायची इच्छा आहे, अंगात धमक आहे, आणि दर पावलाला अडतंय. हे 'फ्रस्ट्रेटेड'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'व्यर्थ' असा. त्या मेलमध्ये तुला हवा असलेला शब्द हा होता.

पुढे चल. बियाणं उगवलंच नाही आणि दुकानदाराने हात वर केले: 'चीटेड'. तो दुकानदार नात्यातला, ज्याच्यावर विश्वास टाकला होता, तर 'बिट्रेड'. दुबार पेरणीला पैसे मागायला भावकीत जावं लागलं आणि चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं: 'ह्युमिलिएटेड'. हा शब्द जड आहे, चहाचा कप सांडला म्हणून वापरायचा नाही, तिथे 'एम्बॅरस्ड' पुरतं. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं आणि आपली कोरडी: 'एन्व्हियस'. बोलताना लोक तिथे 'जेलस'ही म्हणतात. पण नेमकं बोलायचं तर आपल्याजवळचं माणूस दुसऱ्याकडे ओढलं जाईल या भीतीला 'जेलस'. मोंढ्यात माल नेला आणि धरला होता त्यापेक्षा भाव कमी मिळाला: 'डिसअपॉइंटेड'. आधी अपेक्षा असल्याशिवाय हा शब्द उभाच राहत नाही. माझ्या सरांनी मला तेच सुनावलं होतं. आणि ऐन काढणीत पाऊस येऊन सोयाबीनची गंजी भिजली, वर्षाची कमाई काळी पडली, तर 'डिव्हॅस्टेटेड'. त्यानंतर काही जण रडतही नाहीत, नुसते बसून राहतात. त्याला 'नम्ब', आपलं बधिर.

असा तुझा स्वतःचा पावसाळा लिही. वडिलांचा नको, तुझा. शब्द प्रसंगाला बांधला की विसरत नाही.

आता थोडं व्याकरण, कारण खरी ठेच तिथे लागते. मराठीत राग 'येतो', भीती 'वाटते', कंटाळा 'येतो'. भावना बाहेरून येते, मी तिथे असतो, ती थोडा वेळ बसून जाते. इंग्रजी मात्र 'आय ॲम अँग्री' म्हणतं. 'मी आहे' असं म्हटलं की आपल्या कानाला तो स्वभावच वाटतो आणि जीभ मागे सरते. तुला अवघडतं त्यातला काही भाग हा आहे, असं मला वाटतं. त्यावर उतारा साधा आहे. वाक्य भूतकाळात आणि प्रसंगाला जोडून म्हणायचं: 'आय वॉज अँग्री व्हेन...' किंवा 'आय फेल्ट...'. आला, बसला, गेला. मराठी मनालाही चालतं.

दुसरी ठेच शेपटीची. 'आय ॲम बोअर्ड' म्हणजे मला कंटाळा आलाय, 'आय ॲम बोरिंग' म्हणजे मीच कंटाळवाणा. 'फ्रस्ट्रेटेड' मी, 'फ्रस्ट्रेटिंग' ते काम. तिसरी ठेच शब्दाच्या मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांची. आपण 'त्याच्यावर रागावलो' म्हणतो म्हणून 'अँग्री ऑन हिम' तोंडात येतं. इंग्रजीत माणसावर 'अँग्री विथ' किंवा 'ॲट', गोष्टीवर 'अँग्री अबाउट'. 'वरीड अबाउट', 'अशेम्ड ऑफ', 'फेड अप विथ'. शब्द एकटा शिकूच नये, जोडीने शिकावा. 'डिसअपॉइंटेड विथ द रिपोर्ट' म्हटलंस तर तक्रार रिपोर्टाबद्दल राहते. 'डिसअपॉइंटेड इन यू' म्हटलंस तर माणूस मनातून उतरला. एवढ्याशा 'इन'ने घरं मोडतात.

आणि काही शब्द आपण मराठीत इतके सैल वापरतो की इंग्रजीत तसेच गेले तर आग लागते. 'बॉस लई टॉर्चर करतो.' टॉर्चर म्हणजे कोठडीतला छळ. 'हरॅस' हा शब्द मेलमध्ये लिहिलास तर ती रीतसर तक्रार धरली जाऊ शकते. खरंच छळ होत असेल तर जरूर लिही, पण मुद्दाम लिही, सवयीने नको. 'टेन्शन'ऐवजी 'स्ट्रेस्ड' किंवा 'वरीड'. आणि 'डिप्रेस्ड' जपून. सामना हरला म्हणून आपण डिप्रेस होतो, पण ते आजाराचंही नाव आहे. दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर तो शब्द संकोच न करता वापर, आणि डॉक्टरांपुढे वापर. अशा वेळी इंग्रजी शोधत बसायचंच नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. कंपनीने समुपदेशक दिला असेल तर 'मराठीत बोलणारं कुणी मिळेल का?' हे विचारायचा तुला हक्क आहे. हे तुझ्यासारख्या सगळ्यांसाठीच लिहिते आहे. दुखणं परक्या भाषेत सांगायची सक्ती कुणावर नसावी.

रागाच्या पायऱ्या ऑफिसपुरत्या सांगते. कपाळावर आठी, मग चिडचिड, मग राग, मग तळपायाची आग मस्तकात. इंग्रजीत साधारण 'अनॉइड', 'इरिटेटेड', 'अँग्री', 'फ्युरिअस'. ऑफिसात लोक दुसऱ्या पायरीवरच थांबतात आणि पुष्कळदा तिथेही 'आय ॲम अ बिट कन्सर्न्ड' असं म्हणून ठेवतात. हे 'अ बिट' फसवं असतं. कुणी तसं म्हणालं तर समज की आत बरंच शिजलंय. मला स्वतःला ही मोजूनमापून बोलायची तऱ्हा फारशी आवडत नाही, पण तिच्यात एक सोय आहे: दुसऱ्या दिवशी माघार घ्यावी लागत नाही.

गंमत म्हणून सांगते. 'वरी' या शब्दाचा जुना इंग्रजी अर्थ गळा आवळणं असा होता. 'अँक्शस'ही लॅटिनमधल्या आवळण्या-दाबण्याच्या क्रियापदावरून आला आणि 'अँगर' त्याच्याच भाऊबंदातला. म्हणजे त्यांचंही गळ्यापाशीच अडकत होतं. आपण घुसमट म्हणतो.

आता तुझा दुसरा प्रश्न: गप राहावं का? भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव सांगितलेत, येऊन-जाऊन असणारे. असूया, दैन्य, चिंता, विषाद, ग्लानी, आणि अपमानातून उठणारा अमर्षही त्यात आहे. त्यातल्या एकाचं नाव अवहित्थ. म्हणजे आतली भावना चेहऱ्यावर दिसू न देणं. बघ, लपवणं हाही भावच धरलाय भरताने. तुझं 'फाइन' म्हणजे चोख अवहित्थ, आणि ते वाईटच असं मी म्हणणार नाही. मॅनेजर हा मॅनेजर आहे, मामा नाही. त्याच्यापुढे सगळं मन उलगडायची गरज नाही. ज्यावर तो काही करू शकतो तेवढं त्याला सांग: वेळ कमी पडतो, काम उशिरा हातात येतं, चुकीचं खापर फुटेल अशी धास्ती वाटते. रविवारी रात्री गावाहून ट्रॅव्हल्सने परतताना जी हुरहूर लागते तिच्यावर तो काय करणार? तिला इंग्रजीत नेमका शब्दही नाही. 'आय मिस होम' म्हणावं आणि खिडकीबाहेर बघावं. 'होमसिक' आहे, पण त्यात हुरहुरीचा तो मऊपणा येत नाही.

पण सगळीकडेच 'फाइन' म्हणत राहिलास तर एक तोटा होतो. भावनेला नाव दिल्याने ती थोडी निवते, हे नुसतं आजीचं म्हणणं नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मॅथ्यू लिबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना राग किंवा भीती दिसणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली आणि त्या भावनेचा शब्द निवडायला सांगितला. तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. समोर ३०० शब्द नव्हते. दोन साधे शब्द, त्यातला एक निवडायचा.

करून बघायचं असेल तर असं कर. रात्री झोपण्याआधी एक वाक्य मराठीत लिही, त्यात 'कारण' हा शब्द आलाच पाहिजे आणि 'टेन्शन' येता कामा नये. 'आज मला ओशाळल्यासारखं झालं, कारण डेमोत माझी चूक सगळ्यांसमोर निघाली.' मग त्याला इंग्रजी शोध. मराठीकडून जायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघ. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली १८५७ची, आणि नेटवर फुकट आहे. त्याचं इंग्रजी जुनं झालंय, पण मराठी शब्दांच्या छटा त्याने फार प्रेमाने टिपल्यात. तिथे मिळालेला शब्द मग ऑक्सफर्डच्या ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीत तपास. ती शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली आहे, शब्दामागे काय लागतं ते वाक्यांतून दाखवते. आठवड्याला दोन शब्द झाले तरी खूप झाले. इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगते आणि ते नाक मुरडतात, कारण त्यांना यादीच हवी असते.

शब्द सापडलाच नाही तर? तर तसं म्हणायचं. 'आय ॲम नॉट शुअर ऑफ द वर्ड, बट...' आणि पुढे प्रसंग सांगायचा. मॅनेजर मराठी असेल तर सरळ 'धास्ती वाटते' म्हण. ऐकणाऱ्याला प्रसंगच जास्त कळतो.

तुझा मेल मी पुन्हा लिहून बघितला: 'आय वॉज फ्रस्ट्रेटेड व्हेन द बिल्ड केम लेट फॉर द थर्ड टाइम, बिकॉज वी हॅड ओन्ली वन डे लेफ्ट फॉर टेस्टिंग. कॅन वी अग्री ऑन अ डेट फॉर द नेक्स्ट वन?' यात 'युवर टीम' कुठेच नाही. उशीर आहे, परिणाम आहे आणि मागणी आहे.

तरीही एक खटका राहतोच. त्या दिवशी नुसता वैतागच होता का? तिसऱ्यांदा उशीर होतो, रात्री जागून तपासायचं तुला, आणि कुणी साधं विचारतही नाही. त्याच्या खाली 'आपल्याला कुणी मोजत नाही' असं काही होतं का? माझा अंदाज चुकीचाही असेल. तो तुझ्यापाशीच तपासून बघ. असलाच, तर त्याला इंग्रजी शोधू नकोस एवढ्यात. आज जेवताना बायकोला त्या दिवसाची सगळी गोष्ट सांग, मेल पाठवायच्या आधीपासूनची. ती मध्येच काही म्हणाली तर म्हणू दे. तिने काय म्हटलं ते मला लिहून पाठवायची गरज नाही, ते तुमचं दोघांचं.